फुकट, पण कुणासाठी?

होस्टेलमध्ये सॉफ्टवेअर ‘मिळवणे’ म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. शेजारच्या रूमवर जायचं, पेन ड्राईव्ह लावायचा, झालं काम! प्रोजेक्टसाठी मी प्रथिनांच्या रचनेचा विषय घेतला, तेव्हा कळलं की इथे ही पद्धत चालत नाही. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिची घडी कशी पडते त्यावर तिचं काम ठरतं. प्रयोगाने शोधलेल्या रचना ‘प्रोटीन डेटा बँके’त ठेवतात. १९७१ साली ही बँक फक्त ७ रचनांनी सुरू झाली. तिथली माहिती कुणीही फुकट घ्यावी. ती वापरायची सॉफ्टवेअर्स मात्र तशी नाहीत.

‘मॉडेलर’चंच बघा. ज्ञात रचनेवरून तिच्यासारख्याच दुसऱ्या प्रथिनाचा आकार ते बांधून देतं. शैक्षणिक कामाला पैसे पडत नाहीत, पण फॉर्म भरून अटी मान्य केल्यावरच ई-मेलने की येते. विंडोजवर इन्स्टॉल करतानाच ती विचारतात. कोंडाने टाकलं तर कॉन्फिग फाईल उघडून तिथल्या एक्स-एक्सच्या जागी की लिहावी लागते. नाहीतर प्रोग्राम सुरूच होत नाही! बटणं, मेनू काही नाहीत, पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहायची. चार-पाच मॉडेल्स बनवून ज्याचा ‘डोप’ स्कोअर सर्वांत कमी ते निवडायचं. (नाव ऐकून रूममेट्स हसतात, हसू देत.)

खरी गंमत अटींमध्ये आहे. समजा, सुट्टीत तुम्ही एखाद्या औषध कंपनीत इंटर्नशिपला गेलात. लॅपटॉप तोच, की तीच, पण काम कंपनीचं झालं, म्हणजे शैक्षणिक लायसन्स तिथे लागू नाही. ‘पायमॉल’ तर आणखी खोचक. त्याची विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती फक्त शिकण्या-शिकवण्यासाठी आहे, त्यातलं चित्र शोधनिबंधात छापता येत नाही. वर्गातल्या सेमिनारला मात्र खुशाल दाखवा. पेपर लिहायचा असेल तर वॉरेन डिलॅनो यांनी सुरू केलेला पायमॉलचा खुला कोड आहेच. तो कोंडावरून सहज बसतो आणि त्याला लायसन्सची कटकट नाही. मला तर हाच मार्ग बरा वाटतो.

नवीन गोष्टीही याला अपवाद नाहीत. अल्फाफोल्ड ३ चा कोड नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला, पण तो चालवायला लागणारी वेट्स अर्ज केल्यावर, आणि तीही बिगर-व्यापारी संशोधनासाठीच देतात.

म्हणून असा अर्ज करताना कॉलेजचा ई-मेल वापरा, घरचा नको. आपण खरंच विद्यार्थी आहोत हे त्यावरूनच कळतं. आणि तो ई-मेल अजून चालू करून घेतला नसेल तर आधी कॉम्प्युटर सेंटरला जा, सबमिशनच्या आदल्या रात्री तिथे कुणी भेटत नाही!