बी अजून डब्यातच राहू दे

सौंसर,
भाद्रपद

चिरंजीव भाच्यास,

तुझं पत्र मिळालं. बोरगावात खोली घेतलीस, मागे दहा बाय बाराची मोकळी जागा आहे आणि पहिल्या पगारात चौदा तऱ्हेचं भाजीचं बी आणलंस, हे वाचून तुझ्या मामीला हसू आवरेना. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं बोरगाव आता रेमंडच्या कारखान्यामुळे लोकांना ठाऊक आहे. पण तुझ्या खोलीमागची माती आपल्या कपाशीच्या वावरातलीच आहे. आधी काय पेरू, असं तू विचारलंस. आज काहीच पेरू नकोस.

पोळा झाला, पांढुर्ण्याची गोटमार जत्राही आटोपली, तरी पाऊस अजून गेलेला नाही. काळी माती ओली असताना कुदळ मारली की मोठाली ढेकळं निघतात, वाळली की फोडता फुटत नाहीत. पार सुकू दिली तर कुदळच आत जात नाही. या दोहोंच्या मधे वाफसा असतो, तो गाठायचा. चार बोटं खोलवरची मूठभर माती घे, दाबून गोळा कर आणि अंगठ्याने टोच. बोटाला चिकटली तर थांब. भुसभुशीत होऊन सुटली तर त्याच दिवशी काम उरक. ड्यूटी रात्रपाळीची असली तरी सकाळी तासभर काढ, कारण वाफसा तुझ्या सुट्टीची वाट पाहणार नाही.

खणताना विटांचे तुकडे, सिमेंटची खपली, मुरूम जे निघेल ते वेचून बाहेर टाक. मग वीतभर उंचीचे गादीवाफे कर. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात, म्हणून ही उंची. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाल. हातात घेतल्यावर वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, त्यातून हुमणी आणि वाळवी यायची.

चौदांपैकी चारच पुड्या बाहेर काढ: मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी. वांग्याचं बी एका कोपऱ्यात आधी टाक, पण विरळ. दाट पेरलं आणि पाणी जास्त झालं की कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी होतात. चार-पाच आठवड्यांत रोप वीतभर झालं की संध्याकाळी दोन-दोन फुटांवर लाव. तिघांच्या घराला चार झाडं पुष्कळ. मेथी आणि पालक एकदम सगळं पेरू नकोस. दर पंधरा दिवसांनी एक-एक पट्टा टाक, म्हणजे एका आठवड्यात भाजीचा ढीग आणि पुढे महिनाभर उपास असं होत नाही. सांबारासाठी धने हलके रगडून दोन फाकी कर. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, सांबार दहा-बारा दिवस घेतो. तेवढ्यात धीर सुटून लोक वाफा उकरून पाहतात आणि आलेले मोड तोडतात. तू उकरू नकोस.

पाणी घड्याळ पाहून देऊ नकोस, बोट घालून दे. दोन पेरं खाली ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. आपल्या मातीत थंडीतलं पाणी सहज तीन-चार दिवस पुरतं. रोपं जरा वाढली की बुडाशी पालापाचोळा पसर. मोरीचं साबणाचं पाणी पालेभाजीकडे वळवू नकोस.

आता किडीचं. वांग्याचा एखादाच कोवळा शेंडा मान टाकतो आणि बाकीचं झाड टवटवीत दिसतं, तेव्हा त्या शेंड्यात अळी आहे असं समज. पाणी घालून तो उठणार नाही. सुकल्या भागाच्या बोटभर खालून कापून टाक आणि अळीसकट नष्ट कर, खताच्या खड्ड्यात टाकू नकोस. उशीर केलास तर हीच अळी पुढे फळात शिरते. मावा आणि तुडतुडे दिसले तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजव, फडक्याने गाळ, किंचित साबण घाल आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवार. कोणी शेजारी कपाशीचं उरलेलं औषध बाटलीभर देऊ करेल. ते घेऊ नकोस. त्या औषधाचा अंश पानावर राहतो आणि तुझी मेथी तर पंचवीस-तीस दिवसांत ताटात येणार आहे.

भेंडीची पुडी उन्हाळ्यासाठी राखून ठेव. तीत परभणी क्रांती असेल तर उत्तम. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण केवडा रोगाला दाद देत नाही म्हणूनच नावाजलं. वाण सुधारित असल्यामुळे पुढच्या वर्षासाठी घरचं बी धरता येतं, संकराच्या पुडीत ती सोय नाही.

या बागेतून पैसे वाचतील, हा हिशेब आताच सोडून दे. हिवाळ्यात तुझी मेथी तयार होईल तेव्हा बाजारातही मेथीचा ढीगच असेल. फायदा वेगळा आहे: काय फवारलंय ते तुला ठाऊक असतं आणि सांबार चुलीवर भाजी शिजत असताना तोडता येतो. ज्याला पैसाच वाचवायचा असेल त्याने पावसाळ्यात पालेभाजी पिकवावी, तेव्हा ती खरंच महाग असते. पण ते कसबाचं काम, दुसऱ्या वर्षी बघू.

2023 मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यापासून वेगळा झाला, तरी माती तपासायला मी छिंदवाड्यातल्या चंदनगावच्या कृषी विज्ञान केंद्राचंच नाव सुचवीन. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं ते केंद्र आहे. कधी छिंदवाड्याला गेलास तर अर्धा किलो माती सोबत ने.

तूर्त एवढंच कर: रोज मूठभर माती दाबून बघ, आणि वाफसा येईपर्यंत चौदाही पुड्या डब्यात बंद राहू दे.

तुझा,
मामा