वॉर्डात मोठ्याने बोल

पोरी, आता तू ड्यूटीवर उभी राहणार. पुस्तकातलं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. मी आटगावात घरी बसलेली म्हातारी सिस्टर, वॉर्डात जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

पेशंटला "तुम्ही अमक्याच ना?" असं विचारू नकोस. तापाच्या ग्लानीत बाई कशालाही हो म्हणते. "तुमचं नाव काय, पाडा कुठला, मालकांचं नाव काय?" असं विचार आणि तिला बोलू दे. शहापूर-मुरबाडकडे एकाच नावाआडनावाच्या दोन बाया एका वॉर्डात येणं काही नवल नाही. खाटेच्या नंबरावर तर इंजेक्शन कधीच देऊ नकोस, खाटा बदलत असतात.

डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की आधी लिहून घे, मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखव. 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन' फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून 'पाच-शून्य' की 'एक-पाच' ते विचारून घे. अर्धा लिहिताना टिंबाच्या आधी शून्य लिही. नुसतं टिंब पुसट झालं की अर्ध्याचे पाच होतात. डोस खटकला तर "सर, एकदा बघता का?" एवढं म्हणायला लाजू नकोस. चांगला डॉक्टर रागावत नाही, आणि रागावला तरी पेशंट वाचतो.

आता सापाचं, कारण आपल्याकडे भाताची आवणी सुरू झाली की हे येणारच. पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणून पहाटे कुणी आला तर "रात्री खाली झोपला होतास का?" हे विचार. मण्यार चावली तर सूज नसते, कधी खूणही दिसत नाही. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या की श्वासाचा धोका जवळ आला समज. तेव्हा डॉक्टरांना हाक मार, अंबू बॅग हाताशी घे.

घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठतंय का ते बघायचं असतं. स्वच्छ, कोरडी काचेची टेस्ट ट्यूब घे, शिरेतलं ताजं रक्त साधारण २ मिली घाल, घड्याळ बघून वेळ लिही आणि २० मिनिटं तिला हात लावू नकोस. मग एकदाच तिरकी कर. रक्त पातळच वाहिलं तर विष चढलंय. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तही गोठत नाही आणि तू फसतेस. म्हणून कोऱ्या ट्यूब आधीच वेगळ्या काढून ठेव. विषावरची लस चढवण्याआधी अॅड्रेनालिन भरून तयार ठेव, रिअॅक्शन कधीही येऊ शकते. लहान मूल आहे म्हणून लसीचा डोस कमी करत नाहीत, विष तेवढंच असतं. घरच्यांनी पायाला घट्ट दोरी बांधून आणलं असेल तर ती घाईने कापू नकोस, डॉक्टर शेजारी असताना सोड. भगताकडे आधी गेले म्हणून त्यांना बोल लावू नकोस. पुढच्या वेळी ते उशिरा येतील, किंवा येणारच नाहीत.

पुढे ठाण्याला पाठवायचं झालं तर चिठ्ठीवर नुसतं 'रेफर' लिहून भागत नाही. कधी चावलं, ट्यूबचं काय झालं, किती वायल गेल्या, शेवटचा बीपी किती, हे लिही. १०८ च्या डॉक्टरांना तोंडीही सांग, आणि जिथे पेशंट चाललाय तिथे फोन कर. हायवेवर गाडी कुठे अडकेल याचा नेम नाही. तिथली खाट आणि माणसं आधी तयार असलेली बरी.

सलाईन हळू वाटली की नातेवाईक स्वतःच चाकी फिरवतात. त्यांना ओरडण्यापेक्षा दाखल होतानाच शिकव: चाकीला हात नाही, बाटली संपत आली की हाक मारा.

ट्रेनिंगला सहीपुरती बसू नकोस, डमीवर स्वतः हात चालव. २०१९ पासून १७ सप्टेंबरला जगभर रुग्णसुरक्षा दिन पाळतात. त्या दिवशी पोस्टर लावण्याआधी आग विझवायची नळकांडी उतरवून एकदा तपासून बघायला सांग. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. मला ते अजून सहन होत नाही. प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरला, मावशीला, वॉर्डबॉयला बाहेरचा रस्ता अंधारातही सापडला पाहिजे, आणि कोणतं बाळ कुणी उचलायचं हे आधी ठरलेलं पाहिजे.

पहिल्या दिवशी चार्ज घेताना इमर्जन्सी ट्रे स्वतः उघड. अॅड्रेनालिनची तारीख बघ, अंबू बॅग दाबून बघ, ऑक्सिजनचा काटा बघ. काही कमी असेल तर रजिस्टरला लिही आणि इन्चार्ज सिस्टरना त्याच पाळीत सांग.