स्वस्त डिस्क कितीला पडते?

प्रश्न : घरच्या लेथवर मी आंब्याचे आणि शिसवीचे वाडगे कातते. ड्रिलला लावायच्या दोन इंची वेल्क्रो सँडिंग डिस्क भराभर संपतात. शंभरच्या पाकिटात त्या फार स्वस्त मिळतात. सिरॅमिकच्या मात्र बऱ्याच महाग आहेत. कोणत्या घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नकोत. ॲल्युमिनियम ऑक्साइडची, रेझिनने कण बसवलेली, लवचिक कापडी पाठीची डिस्क घ्या आणि मागच्या नंबराआधी ‘पी’ छापलेलं आहे का ते बघा. ‘पी’ असेल तर कणांचा आकार ठरलेल्या मापात असतो : पी ८० चा कण सरासरी २०१ मायक्रॉनचा, पी २४० चा ५८.५ मायक्रॉनचा. स्वस्त पाकिटातला खरा धोका इथेच आहे. २४० नंबरच्या डिस्कमध्ये एखादा जाडा कण घुसला, की तो वाडग्यावर गोल ओरखडा काढतो. तो ओरखडा दिसतो तेल लावल्यावर, आणि मग मागच्या दोन-तीन नंबरांचं काम पुन्हा करावं लागतं. त्यात जाणाऱ्या डिस्कचा हिशेब पाकिटावरच्या किमतीत धरलेला नसतो.

सिरॅमिक कण उत्तमच असतो, पण दाब पडला तरच तो तुटून नवी धार काढतो. वाडग्याच्या आत मऊ पॅडवरची छोटी डिस्क आपण हलक्या हाताने फिरवतो. तेवढ्या दाबात त्या कणाचा गुण वाया जातो.

पैसे वाचवायचे असतील तर माप बदला. १२५ मिलिमीटरची डिस्क सुतारांच्या सँडरला सर्रास लागते, त्यामुळे ती सहसा क्षेत्रफळाच्या हिशेबात स्वस्त पडते. तिच्यातून ५० मिलिमीटरच्या बरोबर चार निघतात, पाचवी बसत नाही. धूळ ओढायची भोकं नसलेली घ्या आणि धारदार पंचाने पाठीच्या बाजूने कापा. खरखरीत नंबर जास्त घ्या, कारण खरं काम ८० आणि १२० लाच होतं. ३२० च्या थोड्याच लागतात.

आता डिस्क लवकर का संपतात ते बघू. कण झिजण्याआधी त्या बहुधा भुशाने भरतात. शिसवीचा भुसा तेलकट, त्यात उष्णता मिळाली की तो चिकटून बसतो. क्रेप रबराची वडी फिरत्या डिस्कवर टेकवली की तो निघतो. जुन्या क्रेप सोलच्या चपलेचा तुकडाही हेच काम करतो. ड्रिल आणि लेथ दोन्ही संथ ठेवा. जोर लावला की पॅडवरचे प्लास्टिकचे आकडे वितळतात, मग नवी डिस्कही उडून जाते. तापल्याने लाकडाला बारीक चिराही पडतात. बोटाला चटका लागायच्या आधीच थांबायला हवं.

सर्वांत मोठी बचत मात्र दुकानात नाही, हत्याराच्या धारेत आहे. वाडगा आडव्या रेषांच्या लाकडातून कातला की प्रत्येक फेऱ्यात समोरासमोरच्या दोन जागी रेषांची टोकं हत्याराखाली येतात. बोथट गाऊज तिथले तंतू कापत नाही, उपसून काढतो. मग त्या दोन डागांसाठी आपण अख्खा वाडगा ८० ने घासत बसतो, तरी ते हटत नाहीत आणि बाकीची भिंत पातळ होते. शेवटचा हात मारण्याआधी गाऊजला धार लावा आणि अगदी बारीक छिलका काढा. पुष्कळदा १२० पासून सुरुवात करता येते, आणि ८० चं पाकीट महिनोन्महिने पुरतं. त्यापुढे १२०, १८०, २४०, ३२० असा क्रम सोडू नका. दर वेळी लेथ थांबवून तिरप्या उजेडात बघा. आधीच्या नंबराचा एकही ओरखडा दिसत असेल तर पुढचा नंबर लावणं म्हणजे ती डिस्क फुकट घालवणं.

एक विनंती. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, आणि बारीक नंबरांची धूळ डोळ्यांना दिसतही नाही. डिस्कवर वाचलेल्या पैशांतून आधी नीट बसणारा एन-९५ मास्क घ्या, आणि डिस्कने घासताना तो रोज लावा.