आधी ऐका, मग बोला : हॅम रेडिओ क्लबात मुलं काय शिकतात?



गेल्या वर्षी आठवीच्या नऊ मुलांना रविवारी शहरातल्या हॅम रेडिओ क्लबात घेऊन जायचं ठरवलं. तेव्हा एका पालकांनी मला विचारलं, "मॅडम, याचे मार्क मिळणार आहेत का? आणि मोबाईल असताना हे कशाला?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करते. सोबत वर्गात करण्यासारखे काही उपक्रमही देते.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

आकाशवाणी आपण फक्त ऐकतो. हॅम रेडिओवर ऐकताही येतं आणि बोलताही येतं. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, हौस म्हणून आणि शिकण्यासाठी वायरलेस सेट चालवणाऱ्यांना 'हॅम' म्हणतात. प्रत्येकाला स्वतःची कॉल साइन मिळते. भारतातल्या हॅमची कॉल साइन 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. यावर धंद्याची बोलणी करायची नाहीत, गाणी वाजवायची नाहीत, सांकेतिक भाषेत गुपितं सांगायची नाहीत. जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मोबाईलला टॉवर लागतो, कंपनी लागते. हॅमला एक सेट, एक बॅटरी आणि एक तार पुरते. फरक इथेच आहे.

क्लबात पाहिलेली पहिली गोष्ट

क्लब म्हणजे एका इमारतीच्या गच्चीखालची खोली. टेबलावर दोन-तीन सेट, भिंतीवर देशोदेशीची कार्डं. कोणाशी बोलणं झालं की पुरावा म्हणून पाठवायची ही 'क्यूएसएल' कार्डं. प्रत्येकावर तारीख आणि जागतिक वेळ. मुलांनी आपले साडेपाच तास वजा करून कार्डावरच्या वेळा ताडून पाहिल्या. भूगोलाचा हा धडा मी फळ्यावर तीनदा शिकवला होता. तिथे तो पाच मिनिटांत समजला.

मग 'नेट' सुरू झालं. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एका फ्रिक्वेन्सीवर जमायचं. एक जण सूत्रं सांभाळतो आणि एकेकाला बोलावतो. बाकीचे थांबतात. कारण सेटचं बटण दाबून तुम्ही बोलत असता तेव्हा तुम्हाला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. तिथल्या एका काकांनी मुलांना एवढंच सांगितलं : "आधी ऐका. मोकळं आहे का बघा. मग बोला. थोडक्यात बोला. संपलं की 'ओव्हर' म्हणा."

पंचवीस वर्षं मी वर्गात "शांत बसा, दुसऱ्याचं ऐका" असं ओरडत आले आहे. इथे ते यंत्रच शिकवत होतं.

उपक्रम १ : पाठीला पाठ नेट

हा उपक्रम आम्ही शाळेत सेटशिवाय केला. मुलांना गोलात, तोंडं बाहेर करून बसवलं. एक सूत्रधार. प्रत्येकाला एक निरोप पुढे पाठवायचा आणि आलेले सगळे निरोप वहीत लिहायचे. उदाहरणार्थ : "नदीकाठच्या वस्तीत ६९ माणसं, त्यात ११ लहान मुलं. पिण्याचं पाणी आणि ओआरएसची ४० पाकिटं हवी आहेत."

पहिल्या फेरीत ६९ माणसांची ५९ झाली, ४० पाकिटांची १४. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणसाठ' गडबडीत सारखंच वाटतं. म्हणून हॅम मंडळी आकडे सुटे सांगतात : "सहा, नऊ. पुन्हा सांगतो, सहा, नऊ." ऐकणारा तेच परत म्हणून दाखवतो. दुसऱ्या फेरीत आम्ही हे केलं आणि चुका बऱ्याच कमी झाल्या.

शेवटी वह्या तपासल्या. एकच वही पूर्ण बरोबर निघाली. वर्षभर वर्गात क्वचितच हात वर करणाऱ्या, शेवटच्या बाकावरच्या एका मुलीची. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'सहभाग कमी' असं लिहिलेलं होतं. मी ते खोडलं. जे बोलतं तेच मूल भाग घेतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

उपक्रम २ : क कमळाचा

खरखरीत आवाजात 'प' की 'फ', 'द' की 'ध' कळत नाही. इंग्रजीतही 'बी', 'डी', 'पी' सारखेच ऐकू येतात. म्हणून जगभर अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी शब्दमाला वापरतात. 'व्हीयू' सांगायचं तर 'व्हिक्टर, युनिफॉर्म'. मुलांना हे नवीन नाही. बालवाडीत आपण 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' असंच तर शिकवतो! मुलांना आपापली मराठी शब्दमाला बनवायला सांगा. अट एकच : कोणतेही दोन शब्द एकमेकांसारखे ऐकू येता कामा नयेत. दुसऱ्या खोलीतून ओरडून तपासा. उच्चार, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ यांवर आपोआप चर्चा होते.

उपक्रम ३ : तीनशे भागिले...

रेडिओतलं सगळ्यात उपयोगी गणित अगदी सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. (प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, तिथून हा ३०० येतो.)

आता इतिहासाचा तास. १९४२ च्या चले जाव आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. उषाताई तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या. पोलिसांना सापडू नये म्हणून जागा बदलत राहायचं. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. त्यांचं केंद्र ४२.३४ मीटरवर लागत असे. मुलांना विचारा, फ्रिक्वेन्सी किती? ३०० भागिले ४२.३४, म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या हॅमना मिळालेला '४० मीटर' पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे उषाताईंचा आवाज जिथे होता, त्याच पट्ट्यात आजचे हॅम बोलतात. हे गणित सुटल्यावर वर्गात जी शांतता झाली, ती मला कोणत्याही भाषणाने मिळाली नव्हती.

याच सूत्राने मुलांनी क्लबात अँटेना केला. १४५ मेगाहर्ट्झसाठी तरंगलांबी २.०७ मीटर, तिची निम्मी १.०३ मीटर. प्रत्यक्ष तार साधारण पाच टक्के कमी घ्यावी लागते, म्हणून ४९ सेंटिमीटरचे दोन तुकडे. मोजमाप अचूक, वहीतली आकृती सुंदर. आणि अँटेना चालेना! मीटर सांगत होता की पाठवलेली शक्ती परत येते आहे. मुलं हिरमुसली, मीही. पुढच्या रविवारी एका मुलाला दोष सापडला : केबलच्या बाहेरच्या जाळीचा एक केसाएवढा धागा आतल्या तारेला टेकला होता. तो कापला आणि अँटेना चालू झाला. वहीत आपण सुवाच्य अक्षराला मार्क देतो. अँटेना देत नाही. चूक कुठे आहे ते शोधावंच लागतं, आणि शोधून सापडते, हा विश्वास मुलांना तिथे मिळाला.

उपक्रम ४ : घरचा जुना ट्रान्झिस्टर

हा पालकांसाठी. मीडियम वेव्हवर दुपारी बारा वाजता किती केंद्रं लागतात ते मुलाला लिहायला सांगा. रात्री नऊ वाजता पुन्हा. रात्री दूरदूरची केंद्रं ऐकू येतात. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर असतात. दिवसा त्यातला खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांब पोचतात. कारण आधी सांगू नका. आठवडाभर नोंदी होऊ द्या.

हे नुसते खेळ आहेत का?

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानचे फोन बंद पडले. छंद म्हणून नेलेल्या सेटवरून त्यांनी बेटांवरचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. कोण सुखरूप आहे, कोणाला काय हवं आहे. अशा वेळी नावातलं एक अक्षर चुकलं तर एखादं घर उगाच रडतं, किंवा उगाच आशेवर राहतं. '५९ की ६९' चा आमचा खेळ तिथे खेळ नसतो.

आनंदाचीही बाजू आहे. जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकातून शुभांशु शुक्ला यांनी शिलाँगला जमलेल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच संवाद साधला. स्थानक डोक्यावरून जाताना बोलायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तिथेही नियम तोच : थोडक्यात विचारा, 'ओव्हर' म्हणा, ऐका.

पालकांसाठी काही सूचना

- परवान्याची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. ती केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो. विषय दोन : रेडिओची मूलतत्त्वं आणि नियम. वरच्या श्रेणीची माहिती क्लबात मिळेल.
- परवाना हातात येईपर्यंत सेट विकत घेऊ नका. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी दिसतात, पण विनापरवाना वापर गुन्हा आहे.
- सोल्डरिंग मोठ्यांच्या देखरेखीखालीच. अँटेना विजेच्या तारांपासून लांब, आणि ढग गडगडत असताना गच्चीवर मुळीच जायचं नाही.
- परीक्षेला आणि परवान्याला वेळ लागतो. मुलाने कंटाळून सोडलं तरी रागावू नका. ऐकायची सवय राहते.

तर, त्या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, याचे मार्क मिळत नाहीत. पण मार्क देताना मी कोणाकडे पाहत नव्हते, ते मला त्या खोलीत कळलं. शेवटच्या बाकावरची ती मुलगी आता दर रविवारी क्लबात जाते. अजून फारशी बोलत नाही. पण कोणाला काही ऐकू आलं नाही, तर सगळे तिच्या वहीत बघतात.