पासिंगपुरती गाडी नको

मोहोळ, जि. सोलापूर
१७ जानेवारी २०२६

चि. सौ. स्मिता हिस,


परवा फोनवर तू फार चिडलेली होतीस. वायपरचं रबर फाटलंय आणि एक ब्रेकलाइट लागत नाही, एवढ्यावरून लेस्टरच्या गॅरेजवाल्यानं गाडी नापास केली. एमओटीची, म्हणजे तिथल्या वार्षिक तपासणीची, मुदत त्याच दिवशी संपत होती, त्यामुळे गाडी तिथेच ठेवून तुला बसनं ड्युटीवर जावं लागलं. "मामा, हे नुसते पैसे काढायचे धंदे आहेत," असं तू म्हणालीस. तेव्हा तुझं ऐकून घेतलं. पण माझं उभं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांखाली गेलंय. या बाबतीत मला तुझी बाजू घेता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमच्याकडे जानेवारीत दुपारी साडेचारच्या सुमारासच अंधारायला लागतं आणि वरून पाऊस. अशा वेळी काच पुसली गेली नाही तर तुला पुढचं दिसत नाही, आणि ब्रेकलाइट लागला नाही तर मागच्याला तू थांबतेयस हे कळत नाही. यातलं किरकोळ कोणतं ते मला सांग. इथे सध्या उसाचा हंगाम चालू आहे. पंढरपूर रस्त्यानं रात्री निघालं की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला. अगदी जवळ जाईपर्यंत समोर काही आहे हेच कळत नाही. मागे दिवा नाही म्हणून ट्रॉलीवर जाऊन आदळलेली मोटारसायकल आपल्या भागातल्या गावोगावी लोकांनी पाहिली आहे. एका बल्बची किंमत काय असते, ते त्या मोटारसायकलवाल्यांच्या घरी जाऊन विचारावं.

आता पैशांचं. इंग्लंडात ही तपासणी १९६० साली सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षं जुन्या गाड्यांना होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघायचे. १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाडीला लागू झाली. आज मोटारीला जास्तीत जास्त किती फी घ्यायची, ते सरकारनं ठरवून दिलंय : ५४ पौंड ८५ पेन्स. त्याहून जास्त कोणी मागू शकत नाही. गाडी तिथेच दुरुस्त करून दहा कामाच्या दिवसांत पुन्हा तपासली तर फेरतपासणीची फी नाही. तरीही गॅरेजवाला कामं काढतोय अशी शंका असेल, तर पुढच्या वेळी नगरपालिकेचं तपासणी केंद्र शोध. अशी केंद्रं बाहेरच्यांच्या गाड्याही तपासतात आणि बहुतेक ठिकाणी दुरुस्तीची कामं घेतच नाहीत. मग खोटा दोष काढून त्यांना काय मिळणार? आणि दोष खरोखरच चुकीचा काढलाय असं वाटलं, तर गाडीला हात न लावता १४ कामाच्या दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. एवढी सोय असताना आरडाओरडा कशाला?

तुझी खरी अडचण झाली ती शेवटच्या दिवसापर्यंत थांबल्यामुळे. मुदत संपायच्या आधी एक दिवस कमी महिनाभर केव्हाही गाडी नेता येते आणि पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, एक दिवसही वाया जात नाही. आधी नेली असतीस तर जुनी मुदत शिल्लक असती. मग दोष 'धोकादायक' सदरातला नसल्यास आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्यास ती घरी आणता आली असती. मुदत संपल्यावर मात्र आधी वेळ ठरवून तपासणीला किंवा त्यासाठीच्या दुरुस्तीला नेण्यापुरतीच गाडी रस्त्यावर काढता येते. एरवी चालवली तर हजार पौंडांपर्यंत दंड, आणि काही झालंच तर विमा कंपनीशी वाद वेगळाच.

आपल्याकडची पासिंगची रीत तू लहानपणी पाहिली आहेस. एसटीत पासिंगला गाडी काढायची म्हणजे आम्ही ब्रेक उघडून लायनर बघायचो, हब धुऊन नवं ग्रीस भरायचो, पाट्यांत एखादं पान तडकलंय का ते टॉर्च मारून शोधायचो. पण हायवेला मी असेही मालक पाहिले, की पासिंगच्या आदल्या रात्री भावकीतल्या दुसऱ्या ट्रकचे चांगले टायर काढून आपल्या गाडीला चढवायचे, पुढच्या बंपरला रंग मारायचा, पास करून आणायची आणि संध्याकाळी परत तेच गुळगुळीत टायर. तपासणाऱ्यांकडूनही गाडी न चालवता सही व्हायची. हे इतकं बोकाळलं, की पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांना जनहित याचिका करावी लागली. ब्रेक तपासायला आरटीओत २५० मीटरचा पट्टा हवा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये बजावलं. ब्रेक तपासायला गाडी पळवून बघितली पाहिजे, हे सांगायला उच्च न्यायालय लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, 'पास' या शब्दावर थांबू नकोस. गाडी पास झाली म्हणजे त्या दिवशी, त्या तासाला ती ठीक होती, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची अवस्था त्या तपासणीत येत नाही, त्यासाठी सर्व्हिसिंग वेगळं. खरा कामाचा असतो तो सूचनांचा भाग. दुरुस्तीनंतर गाडी पास झाल्यावर तू प्रमाणपत्राचा जो फोटो पाठवलास, त्यात दोन ओळी आहेत : पुढच्या डाव्या टायरची नक्षी कायदेशीर मर्यादेच्या जवळ आली आहे, आणि मागच्या ब्रेकच्या डिस्क झिजल्या आहेत. गाडी पास झाल्यामुळे त्या तू वाचल्याही नाहीस. मी असतो तर प्रमाणपत्र बाजूला ठेवून आधी त्या दोन ओळी वाचल्या असत्या.

टायर तुझा तू बघू शकतेस. तिथली मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. वीस पेन्सचं नाणं नक्षीच्या खाचेत उभं घाल. नाण्याची बाहेरची कड दिसत राहिली तर टायर संपत आला असं समज. हे एकाच जागी करू नकोस, टायरच्या रुंदीत तीन ठिकाणी आणि फिरवून दोन-तीन जागी कर. आतली बाजू जास्त झिजली असेल तर नुसता टायर बदलून भागणार नाही, अलाइनमेंट करून घे, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल. मग टायरच्या बाजूवर चार आकडे शोध. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

आता इथल्या गाडीबद्दल. तू गेलीस तेव्हापासून ती वाड्यात ताडपत्रीखाली आहे. महिन्यातून एखाद्या वेळी ताईला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला निघते. गाडीची तुझ्या नावावरची नोंदणी जून २०११ ची, म्हणजे या जूनमध्ये पंधरा वर्षं भरतात. आपल्या कायद्यात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर पीयूसीखेरीज तिला कोणी तपासत नाही. तुमच्याकडे तीन वर्षांनंतर दरवर्षी, आपल्याकडे पहिली तपासणी थेट पंधराव्या वर्षी. हे मला मुळीच पटत नाही. निदान त्या एका तपासणीत तरी लबाडी नको. तुझ्या भावानं परवा एका एजंटचं नाव सुचवलं, तो म्हणे गाडी न नेता काम करून देतो. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. पीयूसीसुद्धा गाडी नेऊनच काढायची.

मुदतीच्या आधी साठ दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. फी पाच हजार रुपये, पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दरमहा पाचशे रुपये. पास झाली की पुढे पाच वर्षं. पण त्याआधी काम आहे. उभ्या गाडीचे ब्रेक गंजतात, टायरच्या बाजूला चिरा पडतात, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असतं. मी मार्चमध्ये चारही चाकं उतरवून बघणार आहे. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला तर ती भंगारात द्यावी आणि ताईसाठी भाड्याची गाडी ठरवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वडिलांनी घेऊन दिलेली गाडी म्हणून तुझा जीव अडकलाय हे मला माहीत आहे, पण त्या गाडीत तुझी आई बसते.

नूतनीकरणाच्या अर्जावर मालकाची सही लागते. तेव्हा पंचवीस नंबरचा फॉर्म सही करून एप्रिलच्या सुरुवातीला मिळेल असा पाठव. सोलापूरला गाडी मी स्वतः घेऊन जाईन. आणि तुझ्या तिथल्या गाडीचा पुढचा डावा टायर या आठवड्यात बदलून घे. पगार व्हायची वाट बघू नकोस, पैसे कमी पडत असतील तर मोकळेपणानं सांग.

तुझा,
मामा