घरची वेधशाळा

पावसाळ्याच्या दिवसांत सकाळच्या आगगाडींत ठाण्याचे, डोंबिवलीचे व कल्याणचे प्रवासी एकत्र जमले म्हणजे एक वाद हमखास ऐकूं येतो. "काल रात्रीं काय हो पाऊस कोसळला!" असें एकानें म्हणावें, तों दुसऱ्यानें "आमच्याकडे तर रस्ताहि पुरता भिजला नाहीं" असें उत्तर द्यावें. दोघेहि खरेंच बोलत असतात. उणीव असते ती मापाची. ज्याच्या घरीं पावसाचें माप आहे त्याला 'धो धो' आणि 'भुरभुर' ह्या शब्दांवर विसंबावें लागत नाहीं; तो आंकडा सांगतो. असा आंकडा सांगतां यावा म्हणून घरच्या घरीं लहानशी वेधशाळा कशी उभारावी, हें आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना थोडक्यांत सांगणार आहों.

सरकारी वेधशाळा असतांना घरच्या मापाची गरज काय, अशी शंका कोणी घेईल. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली व १८४१ पासून तेथें हवामानाच्या नोंदी होऊं लागल्या. भारतीय हवामान खातें १८७५ सालीं सुरू झालें. ह्या संस्थांचें कार्य थोर आहे, परंतु पाऊस मोठा लहरी. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टि पालकांना आठवत असेलच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला; त्याच मुदतींत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहराची जर ही तऱ्हा, तर खाडीकांठचें ठाणें, उल्हास नदीकांठचें कल्याण आणि दोहोंमधील डोंबिवली ह्यांचा पाऊस एका आंकड्यांत कसा सांगतां येईल? जितकीं मापें अधिक, तितकें चित्र खरें. अलीकडे आपल्या ह्या भागांत कित्येक हौशी गृहस्थांनीं आपल्या गच्चीवर स्वयंचलित यंत्रें बसविलीं आहेत, व त्यांचे आंकडे वृत्तपत्रेंहि छापतात. परंतु हा छंद आरंभण्यास महागडें यंत्र लागतेंच असें नाहीं.

पर्जन्यमापक हें सर्वांत साधें व सर्वांत उपयुक्त साधन होय. कौटिलीय अर्थशास्त्रांत धान्याच्या कोठारापाशीं एक अरत्नि, म्हणजे सुमारें हातभर, रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें असें सांगितलें आहे. आपणांस एवढें मोठें पात्र नको. १० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचें नरसाळें घेऊन तें एक लिटरच्या बाटलींत घट्ट बसवावें, आणि वाऱ्यानें उलटूं नये म्हणून बाटलीभोंवतीं विटा रचाव्या. नरसाळ्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें ७८.५ चौरस सेंटिमीटर भरतें. अर्थात् १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बाटलींत ७.८५ मिलिलिटर पाणी जमतें. हें पाणी औषधाच्या मापपेल्यानें मोजावें व ७.८५ नें भागावें. समजा, २५० मिलिलिटर पाणी निघालें, तर पाऊस जवळजवळ ३२ मिलिमीटर झाला. वर्तुळाचें क्षेत्रफळ कशासाठीं शिकावयाचें, असें गणिताच्या तासाला विचारणाऱ्यांस हें एक उत्तर आहे.

मापक गच्चीच्या मधोमध, कठड्यापासून व पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवावें. जवळची वस्तु मापकापेक्षां जितकी उंच असेल, तिच्या निदान दुप्पट अंतर राखावें. सज्जांत ठेवलेलें मापक अर्ध्या आकाशाचाच पाऊस मोजतें. हवामान खातें सकाळीं साडेआठ वाजतां पाऊस मोजतें. आपणहि तीच वेळ पाळावी, म्हणजे तुलना करतां येते. खात्याच्या परिभाषेंत २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाल्यास तो पावसाचा दिवस, ६४.५ पासून पुढें मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.४ च्या वर गेल्यास अत्यंत मुसळधार. हे आंकडे ध्यानांत ठेवले म्हणजे वृत्तपत्रांतील इशाऱ्याचा अर्थ नीट उमगतो.

उष्णतामापक लावतांना पुष्कळांची फसगत होते. पश्चिमेच्या भिंतीवर लावलेलें यंत्र हवेची उष्णता न सांगतां तापलेल्या भिंतीची उष्णता सांगतें. ह्यावर टॉमस स्टीव्हन्सन ह्या दीपगृहें बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्यानें उपाय काढला. प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ह्याचा हा पिता. चारी बाजूंस झिलमिल्या असलेली, पांढरा रंग दिलेली, जमिनीपासून सुमारें चार फूट उंचावर ठेवलेली लांकडी पेटी, हाच तो उपाय. वारा तींत खेळतो, ऊन मात्र शिरत नाहीं. आपल्याकडे तिचें दार उत्तरेस ठेवतात. असल्या पेटींत दोन उष्णतामापकें ठेवून एकाचा फुगा ओल्या मलमलीनें गुंडाळला, तर हवेंतील दमटपणाहि कळतो. हवा कोरडी असेल तर दोहोंच्या अंशांत अंतर पडतें. आषाढांत तें अगदीं थोडें उरतें. मार्चएप्रिलमध्यें समुद्रावरचा वारा उशिरां आला म्हणजे आपल्याकडे उकाडा वाढतो. तो ठाण्यास केव्हां पोहोंचला व कल्याणास केव्हां, हें दोन मित्रांनीं घड्याळ लावून पाहण्याजोगें आहे.

वायुभारमापक हें आणखी एक मौजेचें यंत्र. आजकाल कांहीं मोबाईलांतहि तें असतें. त्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खाडीप्रमाणें हवेलाहि दिवसांतून दोनदां भरतीओहोटी असते. सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास भार चढलेला, आणि दुपारीं व पहांटे चारच्या सुमारास उतरलेला असतो. नवशिक्यास दुपारीं चार वाजतां वाटतें, वादळ आलें! म्हणून आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशीं करावी. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागलें. असें वादळ जवळ येऊं लागलें म्हणजे कांटा रोजचा चढउतार सोडून सारखा उतरत जातो. वाऱ्याची दिशा पाहण्यास बांबूला बांधलेली कापडाची पट्टी पुरे. ढगांचीं नांवें शिकतांना एवढें आठवावें कीं, त्यांची आज चालू असलेली पद्धति लूक हॉवर्ड ह्या लंडनच्या औषधव्यावसायिकानें १८०२ सालीं मांडली. ढग पाहणें हा त्याचा छंद होता.

यंत्रें जमलीं, परंतु वेधशाळेचा प्राण म्हणजे नोंदवही. तिच्यासंबंधीं आमचीच एक चूक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २००५ च्या त्या दिवशीं डोंबिवलीस आमच्या बिऱ्हाडाच्या गच्चीवर असेंच एक लिटरचें मापक होतें. दुसऱ्या दिवशीं वर जाऊन पाहतों, तों बाटली तोंडापर्यंत भरून पाणी बाहेर वाहून गेलेलें. तींत १२७ मिलिमीटरहून अधिक पाऊस मावणेंच शक्य नव्हतें. परंतु एवढ्या मोठ्या पावसाचा आपल्या वहींत आंकडा नसावा, हें आम्हांस सहन होईना. आम्हीं अंदाजानें ६५० हा आंकडा घातला. पुढें कांहीं वर्षांनीं ती वही चाळतांना एका विद्यार्थ्यानें सहज विचारलें, "सर, बाटली एक लिटरची, मग ६५० कसे मोजलेत?" आम्ही निरुत्तर झालों. त्याहून वाईट हें कीं, त्या वर्षींचे आमचे इतर सारे आंकडे खरे असूनहि तो आतां त्यांच्याकडे साशंक होऊन पाहूं लागला. आणि त्याचें चुकत नव्हतें. त्याच दिवशीं आम्हीं तो आंकडा खोडला, खोडलेला दिसेल असाच खोडला, व शेजारीं लिहिलें: '१२७ हून अधिक. बाटली भरून वाहिली. पुढील माहीत नाहीं.' खोटी साक्ष न देण्याची आज्ञा न्यायालयापुरतीच आहे असें आम्ही समजत होतों. नोंदवहीचें पानहि साक्षच देत असतें, हें त्या मुलानें आम्हांस शिकविलें.

म्हणून नियम थोडे, पण ते कडक असावेत. पाऊस नसेल तर शून्य लिहावें. मोजण्याचें राहिलें तर जागा कोरी सोडून कारण लिहावें. शून्य आणि कोरी जागा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आठवड्याच्या नोंदी रविवारीं आठवून कधीं लिहूं नयेत. ज्यांच्या घरीं स्वयंचलित यंत्र असेल त्यांनींहि आठवड्यांतून एकदां वर जाऊन त्याचें तोंड साफ करावें. एखादें वाळलेलें पान अडकलें तरी यंत्र मुसळधार पावसांत शून्य दाखवील. पालकांनीं लहान मुलांस गच्चीवर एकटें पाठवूं नये, व विजा चमकत असतां कोणींच जाऊं नये. मापन थोडें उशिरां झालें तर चालेल. खरी वेळ तेवढी लिहावी.

पवित्र शास्त्रांत एलीया संदेष्ट्याच्या चाकराची गोष्ट आहे. दीर्घ अवर्षणानंतर धन्यानें त्याला समुद्राकडे पाहावयास पाठविलें. सहा वेळां तो गेला, आणि कांहीं दिसत नाहीं असेंच सांगत आला. धन्यास बरें वाटावें म्हणून त्यानें ढग बनविला नाहीं. सातव्या खेपेस तळहाताएवढा ढग दिसल्याचें त्यानें सांगितलें, तेव्हां एलीयानें ताबडतोब राजाला निरोप धाडला. सहा रित्या खेपा जशा होत्या तशा सांगणाऱ्याचाच सातवा शब्द खरा मानला जातो.

येत्या १ जूनपासून आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ठाण्याचे दोघे, डोंबिवलीचे दोघे व कल्याणचे दोघे जरी नेमानें मोजूं लागले, तरी पुढील वार्षिकांत ह्याच पानावर तिन्ही गांवांच्या पावसाचा तक्ता छापतां येईल. त्यांत शून्यें पुष्कळ असतील, कांहीं जागा कोऱ्याहि असतील. त्या तशाच छापूं.