हिरव्या कॅप्सूल आणि फॅटी लिव्हर

प्रश्न : यजमान ५२ वर्षांचे, मधुमेह आहे. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ‘ई’ जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल सुरू केल्यात. चालू ठेवाव्यात का?

उत्तर : डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवा. शेजारी अगदीच चूक नाहीत. २०१० मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज ८०० युनिट ‘ई’ ९६ आठवडे दिल्यावर यकृताची सूज कमी झाली होती. पण ते रुग्ण मधुमेह नसलेले होते आणि त्यांचं निदान यकृताचा तुकडा तपासून पक्कं केलेलं होतं. नुसत्या सोनोग्राफीवर नव्हे. शिवाय वर्षानुवर्षं रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं वाढलेलं आढळलं. यजमानांचं वय पाहता हे विसरू नका.

घरात ‘ताकदीच्या’ आणखी गोळ्या असतील तर पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. ‘अ’ जीवनसत्त्व यकृतातच साठतं. जास्त झालं की यकृतालाच इजा करतं. नायसिनच्या मोठ्या डोसाचंही तसंच. दारू पिणाऱ्यांना ‘बी-१’ लागतं, ती गोष्ट वेगळी.

वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवा. ऐंशी किलोचे असतील तर सहा ते आठ किलो. पुढच्या भेटीला घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, काढ्याची बाटलीसुद्धा.